पंख्याखालची मेणबत्ती

भाची कोपनहेगनहून येताना व्हॅनिलाच्या वासाची एक जाडजूड मेणबत्ती घेऊन आली. एप्रिलचा पहिला आठवडा. रात्री नऊच्या सुमाराला तिनं आमच्या बेडरूममधली ट्यूब बंद केली, काडी ओढली आणि म्हणाली, "मामी, आता बघ. याला म्हणतात हूगं." मेणबत्ती विझली. वर पंखा पाचवर फिरत होता. पुन्हा लावली, पुन्हा विझली. मग पंखाच बंद केला. मेणबत्ती टिकली, आम्ही काही टिकेनात. सिडकोतलं घर, वरचा मजला, दिवसभर तापलेला स्लॅब. आम्ही दोघी पदराओढणीनं वारा घेत बसलो होतो, तेवढ्यात हे दारात येऊन म्हणाले, "लाईट गेली का?"

त्या एका प्रश्नात सगळं आलं. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला मेणबत्ती म्हणजे भारनियमन. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तकावर सांडलेलं मेण, बंद पडलेला पंखा आणि डास. डॅनिश माणसाला तीच मेणबत्ती म्हणजे घर. त्यांच्या भाषेत मेणबत्तीच्या उजेडाला 'जिवंत उजेड' असा शब्द आहे आणि माणशी मेणबत्त्या जाळण्यात हा चिमुकला देश युरोपात पहिल्या रांगेत बसतो.

आता हे हूगं काय प्रकरण आहे ते थोडक्यात. मूळ नॉर्वेजियन शब्द, डॅनिश लिखाणात तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागला. अर्थ साधारण असा: आपल्या माणसांत किंवा एकट्यानंच, उबेत, मंद उजेडात, कसलीही घाई नसलेलं बसणं. तिथं हे वर्षानुवर्षं चालूच होतं. 2016 मध्ये कोपनहेगनच्या हॅपिनेस रिसर्च इन्स्टिट्यूटचे माईक विकिंग यांचं त्यावरचं छोटं पुस्तक इंग्रजीत आलं, पाठोपाठ इतरांची आली, आणि पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात या शब्दाला जागा मिळाली. शब्दकोशात गेलेली गोष्ट दुकानात यायला वेळ लागत नाही. आज आपल्या शहरातही इंटिरिअरवाल्याच्या मोबाईलमध्ये 'स्कँडिनेव्हियन बेडरूम' नावाचा फोटो असतोच.

आमच्या ओळखीच्या एका घरी तो फोटो तंतोतंत उतरवला. पलंगाशेजारी केसाळ गालिचा, पायथ्याशी जाड विणीची लोकरी शाल, खिडकीला मखमली पडदे. जानेवारीत बघायला गेलो तेव्हा खरंच छान वाटलं. मे महिन्यात गालिचा धुळीनं भरला, शालीकडे बघूनच घाम फुटायला लागला, आणि दोन्ही वस्तू आता माळ्यावर आहेत. चूक त्या घरातल्यांची नाही. प्रश्न डेन्मार्कचा होता, उत्तरही डेन्मार्कचंच होतं, फक्त पत्ता चुकला.

कोपनहेगन साधारण 55 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात तिथं दिवस सात तासांचा. आपण वीस अंशांच्या जरासे खाली. आपला सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा भरतो, आणि मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. ते लोक अंधाराला आणि थंडीला घराबाहेर ठेवायला बघतात. आपल्याला बाहेर ठेवायचं आहे ते ऊन. भाषेलासुद्धा हे कळतं. आईच्या कुशीला आपण ऊब म्हणतो खरं, पण समाधान झालं की मराठी माणसाचा जीव थंड होतो. डोळे निवतात. भर दुपारी कुणी माठातलं पाणी दिलं की तोंडातून "गार वाटलं बघ" हेच निघतं. म्हणून हूगंचा या शहरापुरता अनुवाद करायचा झाला तर मी तो 'गारवा' असा करीन.

आणि गारवा कसा बांधायचा हे शिकायला कोपनहेगनला जावं लागत नाही, आपल्याच शहरातल्या पाणचक्कीपर्यंत गेलं तरी पुरतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की अठराव्या शतकातली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून इथं उंचावरून सोडलं आणि त्या जोरावर जातं फिरवलं. पर्यटक चक्कीचा आणि कारंज्यांच्या हौदाचा फोटो काढतात आणि निघतात. खरी गंमत हौदाच्या खाली आहे. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. वर पाणी, खाली जाड खांबांवर तोललेली लांबरुंद खोली, वाटसरूंना टेकण्यासाठी. ऊन छतावर पडण्याआधी पाण्यावर पडतं आणि तिथंच खर्ची होतं. विजेशिवाय थंड राहणारी अशी खोली आपल्या गावात तीनशे वर्षांच्या आतबाहेर उभी आहे.

खेड्यातलं माळवद हे त्याच हिशेबाचं गरीब रूप. लाकडी तुळयांवर फळ्याकाटक्या, त्यावर पाल्याचा थर, वर हातभर माती, आणि पावसाळ्याआधी पुन्हा पांढऱ्या मातीचा हात. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि तोवर माणसं बाजा घेऊन वर झोपायला गेलेली असायची. पण माळवदाचे गोडवे गाताना माझी जीभ अडखळते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड छतं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, हजारो गेली. त्यामुळे 'पूर्वीचंच बरं होतं' हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. स्लॅब हवाच. फक्त तो तापतो कसा, हे समजून घ्यायला हवं.

त्याआधी एक गोष्ट डॅनिश लोकांकडून बिनशर्त घ्यावी: उजेड. या बाबतीत ते आपल्या फार पुढे आहेत. 1894 मध्ये जन्मलेले पॉल हेनिंगसेन हे तिथले वास्तुरचनाकार रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात वाढले. पुढं विजेचा दिवा आला आणि त्याचा उघडा डोळा थेट डोळ्यांत घुसू लागला, ते त्यांना सोसवेना. 1920 च्या दशकात त्यांनी एकाखाली एक तीन छत्र्या असलेला दिवा केला. कुठंही बसलात तरी बल्ब दिसत नाही, दिसतो तो फक्त छत्र्यांवरून निथळलेला उजेड. 'पीएच' नावाचे ते दिवे आजही विकले जातात. आपल्या जुन्या घरातली भिंतीतली देवळी यापेक्षा वेगळं काय करत होती? दिवा कमरेच्या उंचीवर, तीन बाजूंनी झाकलेला, उजेड भिंतीवर आपटून पसरलेला. आपण देवळी बुजवली आणि छताच्या मधोमध ट्यूब ठोकली.

बाजारातल्या एलईडी बल्बच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो, केल्व्हिनचा. 6500 म्हणजे भर दुपारचा निळसर पांढरा उजेड. दुकानात, ओट्यावर, अभ्यासाच्या टेबलावर तो ठीक. झोपण्याआधीच्या तासात तोच डोळ्यांत गेला की मेंदूला दिवस मावळला नाही असं वाटतं आणि झोप आणणारं मेलाटोनिन पाझरायला उशीर होतो. बेडरूमला 2700, फार तर 3000 चा बल्ब आणा, पलंगाच्या उशाशी खाली ठेवा आणि त्यावर काही आडोसा करा. या एका बदलात माझ्या मते निम्मं हूगं आलं. मेणबत्तीचं काम तो करतो, शिवाय पंख्याला भीत नाही.

पांघरुणाच्या बाबतीत मात्र शिकवणी उलटी व्हायला हरकत नाही. डेन्मार्कमध्ये नवरा-बायकोच्या पलंगावर दोन वेगळी पांघरुणं असतात, आणि इतर देशांतली मासिकं याचं झोपेचं नवं तंत्र म्हणून कौतुक करतात. आपल्याकडे ज्याची त्याची वाकळ ठरलेली होतीच. माझ्याकडे आजीची एक आहे. वरचा पदर तिच्या हिरव्या लुगड्याचा, आत कुठं कुठं आजोबांच्या धोतराचा पांढरा तुकडा उसवलेल्या जागी दिसतो. टाके कडेनं सुरू होऊन चौकोनात चौकोन करत मधोमध येऊन संपलेत. जुनं सुती कापड शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं, घाम टिपणारं. थरांमध्ये अडकलेली हवा डिसेंबरात ऊब देते, आणि तिचं ते भरीव वजन अंगावर आलं की माणूस आपोआप कुशीवर वळतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतून येणारी पॉलिस्टरची गुबगुबीत रजई यातलं काहीच करत नाही. फार तर शॉक देते.

शोभेचं कापड हवं असेल तर हिमरू आहे. नावाचा उगम फारसीतला, 'सारखा दिसणारा' या अर्थाचा: किनखापासारखं दिसणारं, पण जरीऐवजी सूत आणि रेशीम. उलट्या बाजूला सुटे धागे राहतात, त्यानं कापडाला मऊपणा येतो. हातमागावर ते विणणारे आता थोडेच उरलेत, दुकानात बहुतेक माल यंत्रमागाचा असतो. अख्खी चादर परवडत नसेल तर उशाशी एक अभ्रा पुरे.

आता स्लॅबकडे. सिमेंटचं छत दिवसभर ऊन पितं आणि रात्री अकरालाही, नेमकं आपण आडवे होतो तेव्हा, ते खाली सोडत असतं. पंखा तीच गरम हवा घुसळतो. कुलर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतो, कारण पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते. पण त्याला समोर उघडी खिडकी लागते, नाहीतर खोलीची न्हाणी होते. जूनमध्ये हवा दमट झाली की तो नुसता आवाज करतो. शिवाय या गावात नळाला पाणी कधी येणार याच्यावर सोसायट्यांचे मोबाईलगट चालतात, तिथं कुलरच्या टाकीत बादल्यांवर बादल्या ओतायला जीव होत नाही. त्यापेक्षा ऊन मुळात आतच कमी घ्यावं. गच्चीला पांढरा चुना द्यावा, म्हणजे बरंचसं ऊन आल्या पावली परत जातं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई लावावी, कारण आतला पडदा ऊन काचेच्या आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. दुपारी खिडक्या बंद, सूर्य बुडाला की समोरासमोरच्या दोन्ही सताड उघड्या.

भाची परत जाताना ती मेणबत्ती इथंच ठेवून गेली. जानेवारीत, पंखा बंद असतो त्या दिवसांत, आम्ही ती दोनतीनदा लावली, वाकळ पायांवर घेऊन. चांगली वाटली. वर्षातले दीडदोन महिने तिचे.

उरलेल्या महिन्यांसाठी चुन्याचं बघा, आणि पाडव्याच्या आत उरकून घ्या. एप्रिल लागला की गच्चीवर चप्पल घालूनही पाय ठेववत नाही.