आधी यादी, मग ट्रक

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक. कारखान्यांत काम मिळेल म्हणून साताऱ्याहून, सांगलीहून, कोकणातून माणसे आली आणि किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर भागात स्थिरावली. येताना बरोबर पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि फार तर चार भांडी. आज अनेक कारखान्यांच्या जागी आयटी पार्क उभे आहेत आणि त्याच घरांतली पुढची पिढी नोकरीसाठी बंगळुरू, हैदराबाद, गुरुग्रामला निघते आहे. तिचे घर मात्र भरलेले आहे. त्यातले काय न्यायचे हे बहुतेक घरांत कोणी ठरवतच नाही. पॅकर्स-मूव्हर्सचा माणूस येतो, खोल्या बघतो, आकडा सांगतो आणि असेल ते सगळे चढवले जाते. हा क्रमच चुकीचा आहे. आधी यादी व्हावी, मग भाव विचारावा. आणि यादी करताना ‘वस्तू चांगली आहे का’ असे न विचारता ‘ही मागे राहिली तर तिथे गेल्यावर आपण हीच पुन्हा विकत घेऊ का, आणि कितीला’ असे विचारावे.

याचे कारण भाड्याच्या हिशेबात आहे. घरसामानाचे भाडे अंतराबरोबरच मुख्यतः जागेवर ठरते. चौदा फुटी ट्रकचा हौदा सहा फूट रुंद आणि तितकाच उंच धरला, तर आत साधारण पाचशे घनफूट जागा मिळते. तीन माणसांचा सोफा साडेसहा फूट लांब, तीन फूट खोल आणि तीन फूट उंच असेल, तर तो एकटाच सुमारे अठ्ठावन्न घनफूट अडवतो, म्हणजे ट्रकच्या एक दशांशापेक्षा जास्त. त्यातला बराच भाग निव्वळ हवा असते. साडेसहा फुटी लोखंडी कपाट याच्या निम्मी जागा घेते आणि वरून त्यात कपडे भरून नेता येतात. पुरणयंत्र, मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या आणि विळी ही सगळी मिळून एका खोक्यात मावतात. परमुलखात मात्र तीच शोधत फिरावे लागते. म्हणून जागा जास्त खाणारे आणि कुठेही मिळणारे मागे राहावे, जागा कमी घेणारे आणि तिथे न मिळणारे आधी बांधावे.

दुसरा विचार हवेचा. ठाण्याच्या दमट हवेत पाण्याचा कूलर फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्याचा गारवा पाण्याच्या बाष्पीभवनावर अवलंबून असतो. गुरुग्रामच्या कोरड्या उन्हाळ्यात तोच चांगला चालतो. थंडीसाठी रजया आणि हीटर तिथेच घ्यावे लागतात. लाकूडही हवेप्रमाणे वागते. इथली ओल प्यायलेले लाकूड कोरड्या हवेत आक्रसते, सांधे सैल होतात. अस्सल सागवान हे सोसते, खोलून पुन्हा जोडताही येते. भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाचे तसे नाही. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पहिल्यासारखा धरत नाही आणि नव्या घरी कपाटाचे दार लोंबकळू लागते. असे फर्निचर हजार मैल नेण्यात भाडेही जाते आणि फर्निचरही.

काही गोष्टी ट्रकमध्ये चढवूच नयेत. गॅसचा सिलिंडर रेग्युलेटरसह एजन्सीला परत करावा, अनामत आणि कागद घ्यावा, नव्या गावी नवी जोडणी करावी. दागिने, शाळा सोडल्याचे दाखले, घराची मूळ कागदपत्रे जवळच्या बॅगेत ठेवावीत. गाडी नेणार असाल तर परराज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिल्यास तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. एमएच-०४ ची जुनी गाडी न्यायची की इथेच विकायची, हे तिथे भराव्या लागणाऱ्या वाहनकराचा हिशेब करून ठरवावे. शिवाय मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे नुकसानभरपाईला मर्यादा असते. मालाची किंमत जाहीर करून जादा दर भरला असेल तरच ती वाढते, आणि दाव्याची लेखी नोटीस माल नोंदवल्यापासून १८० दिवसांत द्यावी लागते. तेव्हा प्रत्येक वस्तूसमोर किंमत लिहिलेली यादी कायद्याच्या दृष्टीनेही आपलेच संरक्षण करते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, पूर्ण ट्रक घेतला की उरलेली जागा फुकटच असते, मग का सोडायची? हे खरे आहे, पण ट्रक ठरल्यानंतर. यादी आधी झाली तर सतरा फुटीऐवजी चौदा फुटी गाडी पुरते, किंवा दुसऱ्या कुटुंबाच्या सामानाबरोबर माल पाठवता येतो. मग ती फुकटची जागाच उरत नाही. दुसरा आक्षेप असा की, चांगली वस्तू टाकून नवी घेणे ही उधळपट्टी आहे. उधळपट्टी होते ती शेवटच्या आठवड्यात, जेव्हा चालू फ्रिज भंगाराच्या भावात जातो. महिनाभर आधी ठरवले तर तोच फ्रिज शेजारच्या घरात, नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याकडे किंवा गावच्या नातेवाइकांकडे पुढची कित्येक वर्षे चालतो.

आठवणींचा प्रश्न या दोहोंपेक्षा अवघड आहे आणि त्याला पैशाचा हिशेब लावू नये. आजीचा पाटा-वरवंटा नव्या फ्लॅटमध्ये कदाचित कधीच वापरला जाणार नाही. तरी घरातल्या कोणाला तो हवाच असेल तर न्यावा. मात्र हा हक्क घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, सारखा मिळावा: प्रत्येकी एक खोके, आणि त्यात काय आहे याचे कारण कोणी विचारायचे नाही. उरलेल्या सामानाला कारण असलेच पाहिजे. भावनेला तिची जागा आधीच राखून दिली की सोफ्याबद्दल निर्णय घेताना तो सोफा म्हणूनच बघता येतो, आणि ट्रकवाल्याला आकडा विचारायच्या वेळी आपला आकडा आपल्या हातात असतो.