समुद्रावरची धावपट्टी

यवतमाळजवळच्या भारी येथील विमानतळाची धावपट्टी सुमारे दोन किलोमीटरची आहे. १९६१ साली नौदलात आलेल्या ‘विक्रांत’ची संपूर्ण लांबी होती २१३ मीटर. समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या जिल्ह्यात विमानवाहू जहाज समजावून सांगताना मी हीच तुलना करतो. धावपट्टीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात विमान चढवायचे आणि उतरवायचे कसे?

उतरण्याचे उत्तर १८ जानेवारी १९११ रोजी मिळाले. युजीन एली हा अमेरिकी वैमानिक ‘पेनसिल्व्हेनिया’ जहाजावरील लाकडी फलाटावर उतरला. फलाटावर आडवे दोर ताणले होते आणि त्यांच्या टोकांना वाळूची पोती बांधली होती. विमानाचा आकडा दोरांत अडकला आणि पोती ओढत विमान थांबले. पुढे दोरांच्या जागी पोलादी तारा आल्या, तत्त्व तेच राहिले.

चढण्यासाठी ‘विक्रांत’वर वाफेचा कॅटापल्ट होता. गोफणीतून गोटा सुटावा तसे विमान सुटे. शिवाय जहाज वाऱ्याकडे तोंड करून वेगाने जाई, म्हणजे पंखांना तेवढा वारा आयताच मिळे. १९७१ च्या युद्धात मात्र तडा गेलेल्या बॉयलरमुळे ‘विक्रांत’चा वेगच घटला होता. तरीही ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. ‘विक्रमादित्य’ आणि २०२२ ची नवी ‘विक्रांत’ यांवर कॅटापल्ट नाही. पुढच्या टोकाच्या चढावरून मिग-२९के झेपावते, त्यामुळे सोबत न्यायच्या इंधन-शस्त्रांच्या वजनाला मर्यादा पडते.

१० जुलै २०१३ रोजी एक्स-४७बी हे वैमानिकरहित विमान अमेरिकी जहाजावर उतरले. शतकानंतरही आकडा आणि तार होतीच, वैमानिक तेवढा नव्हता. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार केला, त्यांपैकी १५ नौदलासाठी आहेत. ते जमिनीवरून उडून एका दिवसाहून अधिक काळ आकाशात राहू शकतात.

मग एवढे खर्चिक जहाज हवे कशाला? माझ्या मते टेहळणीचे काम ड्रोनकडे जाणे योग्यच आहे. पण किनाऱ्यापासून दूर असलेल्या ताफ्याला लढाऊ विमानांचे छत्र लागते, तेव्हा धावपट्टी सोबतच न्यावी लागते. स्वस्त ड्रोन अशा जहाजांनाही धोका ठरतील, हेही खरे. म्हणून तिसरे जहाज बांधायचे ठरले, तर ते किती मोठे असावे याआधी त्यावर माणसाविना काय उडेल, हे ठरवायला हवे. जहाज चाळीस वर्षे टिकते, विमाने त्याआधीच बदलतात.