केशरोपणानंतरचा आहार : पंचांग पाहून आखलेले ताट

व्यापारी घरात शस्त्रक्रियेची तारीख बहुधा दुकानाच्या सोयीने ठरते. आषाढ-श्रावणात गिऱ्हाईक कमी असते, लग्नसराई संपलेली असते, दिवाळीचा माल अजून यायचा असतो. घरातील तिशीच्या मुलाला केशरोपण करून घ्यायचे असेल, तर वडीलधारी मंडळी हेच दिवस सुचवतात. पंधरा दिवस मुलगा गल्ल्यावर बसला नाही तरी चालते आणि दिवाळीपर्यंत डोके भरून येईल असा सर्वांचा अंदाज असतो.

या हिशोबात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे दिवाळीपर्यंत केस भरून येत नाहीत. दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. व्यापारातील मंदीचे हे दिवस म्हणजेच चातुर्मास. पर्युषण, दशलक्षण, अठाई, एकासणे हे सारे याच काळात येते. शरीराला भरपूर पोषण हवे असते तेव्हाच घरात तपाची तयारी चालू असते.

केशरोपणात डोक्याच्या मागच्या भागातील केसांची मुळे काढून ती टक्कल पडलेल्या जागी बसवतात. मागच्या भागातील केस नव्या जागीही आपला मूळ गुण टिकवतात, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइच यांनी 1959 साली मांडले आणि या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला. आज जागा बधिर करून एकेक सूक्ष्म मूळ लावले जाते व रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी येतो. ही मुळे घट्ट धरायला साधारण दहा दिवस लागतात. त्यानंतर दोन ते आठ आठवड्यांत लावलेले केस बहुतांशी गळून पडतात. घरची मंडळी येथे घाबरतात, पण ही गळती अपेक्षितच असते. त्वचेखालचे मूळ विश्रांती घेत असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवा केस दिसू लागतो आणि पुरता परिणाम दिसायला नऊ ते बारा महिने जातात. म्हणजे श्रावणात शस्त्रक्रिया झाली, तर खरे फळ पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास दिसते.

या काळात आहार काय करतो आणि काय करत नाही, हे आधी स्पष्ट असावे. मूळ नीट बसणे हे शल्यचिकित्सकाच्या हातावर आणि नंतरच्या काळजीवर अवलंबून असते. कोणतेही पक्वान्न वा चूर्ण टकलावर केस उगवत नाही. परंतु शेकडो सूक्ष्म जखमा भरून येण्यासाठी आणि नवा केस घडण्यासाठी लागणारा माल अन्नातूनच येतो. केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. प्रथिने, लोह, जस्त वा ब-12 जीवनसत्त्व यांची शरीरात मुळातच तूट असेल, तर ती आधी भरून काढणे शहाणपणाचे ठरते.

उपवासाचा प्रश्न येथेच येतो. अनेक दिवस अन्न अतिशय कमी झाले की शरीर हृदय, मेंदू, यकृत यांना प्राधान्य देते, केसांची पाळी शेवटी लागते. वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. वैद्यकात याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. समजा, श्रावणाच्या आरंभी केशरोपण झाले आणि पर्युषणात मुलाने केवळ उकळलेल्या पाण्यावर अठाई केली, तर ही गळती ऐन दिवाळीनंतर, मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमांच्या वेळी सुरू होऊ शकते. असे केस बहुधा काही महिन्यांनी परत येतात. तोवर घरात डॉक्टरांना दोष दिला जातो, मुलगा मनातून खचतो आणि आजीला वाटते की आपण तपाचा आग्रह धरला हेच चुकले. खरे तर चूक तपाचीही नसते आणि डॉक्टरांचीही नसते. तारीख मात्र चुकलेली असते.

म्हणून पहिला निर्णय ताटाचा नव्हे, पंचांगाचा. कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि पुढच्या आषाढापर्यंत सुमारे आठ महिने मोकळे मिळतात. मार्गशीर्षात शस्त्रक्रिया केली, तर चैत्रातील आयंबिलाची ओळी चार महिन्यांवर आणि भाद्रपद नऊ महिन्यांवर असतो. लग्नसराईत दुकानातून आठ-दहा दिवस काढणे अवघड आहे, हे खरे. तरीही मंदीच्या सोयीपेक्षा ही गैरसोय स्वस्त पडते. शस्त्रक्रिया आधीच होऊन गेली असेल, तर त्या वर्षी मोठ्या तपाऐवजी काय करावे हे गुरुमहाराजांना विचारावे. प्रकृती पाहून शक्तीप्रमाणे तप करावे, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

काही घरांत ज्येष्ठांना हा सारा खटाटोपच पटत नाही. ज्या साधु-साध्वींना आपण वंदन करतो ते स्वहस्ते केशलोच करतात आणि नातू मात्र केसांसाठी पैसे मोजतो, ही विसंगती त्यांना बोचते. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. गृहस्थाने काय करावे हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण तो घेतल्यानंतर घरातील स्वयंपाकघर त्याच्या पाठीशी असावे, लपवाछपवी नसावी.

आता ताटाकडे वळू. केशरोपणानंतरच्या आहाराच्या छापील यादीत पहिली नावे अंडी आणि मासे यांची असतात, पुढे गाजर व रताळे येते. ती यादी पाहून जैन घरातील गृहिणीने निराश होण्याचे कारण नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. 65 किलो वजनाला हा आकडा सुमारे 54 ग्रॅम होतो. पाव लिटरच्या दोन पेल्यांतील दूध 16 ग्रॅम देते, दिवसभरातील 80 ग्रॅम कोरडी डाळ सुमारे 18, ज्वारी-गव्हाचे 200 ग्रॅम पीठ सुमारे 20, मूठभर शेंगदाणे वा फुटाणे 7 आणि 50 ग्रॅम पनीर 9. बेरीज 70 ग्रॅम होते. कंदमुळाला हात न लावता गरज भागून शिल्लक उरते. मात्र केवळ पोळी-भाजी, खाकरा आणि चहा यांवर दिवस काढणाऱ्याच्या खात्यात तूट पडते.

आपल्या नियमांचीही येथे अडचण होत नाही. द्विदलाचा दोष टाळणाऱ्या घरात दूध सकाळी स्वतंत्र घ्यावे आणि कढी करताना ताक आधी गरम करावे. मोड आलेली कडधान्ये वर्ज्य असतील, तर ती मोड येण्यापूर्वीपर्यंत भिजवून, पाणी टाकून, नीट शिजवावीत. भिजवल्याने लोह व जस्त शोषण्यात अडथळा आणणारे घटक काही प्रमाणात कमी होतात. तिथीला हिरवी भाजी नसते, तेव्हा तीळ, अहळीव, भोपळ्याच्या बिया, काळे मनुके आणि डाळी उपयोगी पडतात. जेवणात लिंबू वा आवळा असल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीजन्य लोह चांगले शोषले जाते. तिथीला लिंबूही चालत नसेल, तर वाळवलेल्या आवळ्याबद्दल आपल्या परंपरेप्रमाणे विचारून घ्यावे. चहा जेवणाबरोबर घेऊ नये, तासाभराचे अंतर ठेवावे. गाजर-रताळ्याची उणीव लाल भोपळा, पपई आणि पालेभाज्या भरून काढतात.

ब-12 चा प्रश्न मात्र केवळ ताटाने सुटेलच असे नाही. शाकाहारात ते प्रामुख्याने दूध-दह्यातूनच मिळते आणि त्याची तूट शाकाहारी कुटुंबांत वारंवार आढळते. शस्त्रक्रियेपूर्वी महिना-दोन महिने आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब-12, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साखर यांच्या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्याव्यात. ब-12 ची औषधे सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून तयार होतात. गोळी कोणत्या वेष्टनात आहे, एवढे मात्र पाहावे. मऊ, चमकदार कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडे-कातड्यापासून केलेले असते. माशाच्या तेलाऐवजी जवस आणि अक्रोड घेता येतात. ड-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते, लायकेनपासूनचा पर्यायही मिळतो. औषधविक्रेत्याला हे स्पष्ट विचारावे.

केसांसाठी म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रा स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. बायोटिनची खरी तूट क्वचितच असते आणि त्याच्या जादा मात्रेमुळे थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम अतिप्रमाणात गेले, तर उलट केस गळतात.

चौविहार पाळणाऱ्यांनी वेळेचे गणित आधी मांडावे. मुंबईत डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. नवकारशीनंतर खाण्यासाठी जेमतेम दहा तास मिळतात. त्यात दूध, दुपारचे जेवण, चारचे फुटाणे आणि सूर्यास्तापूर्वीचे भरपेट जेवण बसवावे लागते, पाणीही त्याच वेळात पुरेसे प्यावे लागते. औषध रात्री घ्यायचे असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. मात्रांच्या वेळा बदलता येतील का ते तेच ठरवतील. बदलता येत नसतील, तर तेवढ्या दिवसांच्या सवलतीबद्दल गुरुमहाराजांशी बोलावे. डॉक्टरांना न कळवता मात्रा गाळणे धोक्याचे आहे.

पहिल्या आठवड्यात कपाळावर सूज येऊ शकते, म्हणून लोणचे-पापड बेताने खावेत. मधुमेह असेल, तर साखर ताब्यात ठेवावी, कारण वाढलेल्या साखरेत जखम उशिरा भरते. तंबाखू, गुटखा, सिगारेट पूर्ण बंद असावी. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या मुळांना रक्त कमी पोहोचते. गल्ल्याखाली पुडी ठेवून वर बदाम खाणाऱ्याचे बदाम वाया जातात.

डॉक्टरांकडे पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : घरात काय वर्ज्य आहे, रात्री किती वाजता तोंड बंद होते, येत्या वर्षभरात कोणते तप योजले आहे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. तारीख त्यानंतर ठरवावी.