पक्ष्यांचीं बेटें आणि ग्वानो खत

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर पाराकास नांवाचें एक बंदर आहे. तेथील धक्क्यावरून सकाळीं पक्षी पाहावयास निघालेल्या मंडळींच्या यांत्रिक नावा बायेस्तास बेटांकडे जातात. जाऊन-येऊन सुमारें दोन तासांचा हा प्रवास. बेट जवळ आलें कीं कित्येकदां खडकाचा माथा काळा दिसतो. तो रंग दगडाचा नसून दाटीनें बसलेल्या ग्वानाय नांवाच्या पाणकावळ्यांचा असतो. पिकेरो, पाणकोळी, पेंग्विन हे पक्षीही दिसतात व खालीं खडकांवर समुद्रसिंह पहुडलेले असतात. परंतु एवढ्या दुरून आलेल्या प्रवाशांस बेटावर पाऊल ठेवण्याची मुभा नाहीं. नावेंतूनच पाहावें व परतावें असा नियम आहे. पाहुण्यांस ही बंदी जाचक वाटेल. पण हीं बेटें खताचीं कोठारें आहेत हें कळल्यावर शेतकऱ्यास तिचें मर्म सहज उमगेल.

येथील थंड सागरी प्रवाहांत खोलांतलें पोषक पाणी वर येतें व त्यावर आंचोवेता नांवाचे लहान मासे वाढतात. हे आपल्याकडील मांदेलीच्या कुळांतले. पक्षी ते खातात व बेटांवर विष्ठा टाकतात. पाऊस जवळजवळ पडतच नसल्यामुळें तींतील सत्त्व धुपून जात नाहीं. हेंच ग्वानो खत. त्यांत नत्र शेंकडा 10 ते 14, स्फुरद 10 ते 12 व पालाश 2 ते 3 असतें. कुजलेल्या शेणखतांत नत्र शेंकडा अर्ध्याच्या आसपास असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ग्वानोची योग्यता कळते.

ग्वानाय आपलें घरटें या विष्ठेचेंच रचतो. माणूस उतरला कीं थवा एकदम उडतो आणि उघड्या पडलेल्या अंड्यांवर कुरव पक्षी झडप घालतात. विणीच्या दिवसांत बेटावर जाणाऱ्यास इंका राजे देहान्त शिक्षा देत, असें गार्सिलासो दे ला वेगा यानें 1609 सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत नमूद केलें आहे.

पुढें लोभ शिरला. 1840 पासूनच्या चाळीस वर्षांत एक कोटी टनांहून अधिक खत परदेशीं गेलें. जवळच्या चिंचा बेटांवर कांहीं ठिकाणीं दीडशें फूट जाडीचे थर होते. करारानें आणलेल्या चिनी मजुरांचे अतोनात हाल करून ते खणविण्यांत आले आणि 1875 च्या सुमारास खालचा खडक उघडा पडला. हजारों वर्षांचें मुद्दल एका पिढीनें खाल्लें.

1909 सालीं सरकारनें हा कारभार एका कंपनीकडे सोंपविला. तिनें पहारेकरी नेमले, नावांना मज्जाव केला व बेटें पाळीपाळीनें विसाव्यास सोडलीं. 1955 च्या सुमारास पक्षी दोन कोटींवर गेले. परंतु पुढें तेच मासे कोंबड्या-डुकरांच्या खाद्याकरितां धरले जाऊं लागले. 1970 सालीं ती पकड एक कोटी टनांच्या वर गेली. त्यांतच 1957 व 1972 सालीं एल निन्योमुळें समुद्र तापला, मासे दूर गेले आणि लाखों पक्षी उपासमारीनें मेले. 2022 सालीं बर्ड फ्लूची साथ आली व पुन्हां मोठी हानि झाली.

2009 सालीं अशीं 22 बेटें व 11 भूशिरें राखीव ठरलीं. आज खत पाळीपाळीनें व बेतानें काढलें जातें. कुदळ, झाडू व पोतीं हीच तेथील अवजारें.

कृषिबंधूंनीं यांतून घेण्यासारखें एवढेंच कीं, राखण दोन प्रकारची असते. आपण पावसाळ्यांत कुरण बंद ठेवतों, ती जागेची राखण. पण ज्यावर उत्पन्न पोसतें त्याचीही राखण लागते. बेटावर पहारा चोख असून पक्ष्याच्या ताटांतला घांस दुसऱ्यानें उचलला, तर कोठार रितेंच राहतें. व्याजावर निर्वाह करणाऱ्यानें मुद्दल कोठें आहे हें आधीं ओळखावें. पेरूच्या बेटांचें तें मुद्दल समुद्रांत आहे.