कृश देहातील छुपा दाह

मधुमेह हा सुखवस्तू आणि स्थूल माणसांचा आजार, ही समजूत आपल्या समाजमनातून अद्याप गेलेली नाही. त्यामुळेच वडूजसारख्या अवर्षणग्रस्त भागातील एखादा सडपातळ शिक्षक वा कारकून रक्तातील साखर वाढल्याचे कळताच चकित होतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या कोड्याचा बराचसा उलगडा केला आहे.

२००४ साली त्यांनी व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३; परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के! दिसायला कृश, आतून मेदयुक्त, असा हा भारतीय देह.

चरबी हा काही निव्वळ निरुपद्रवी साठा नव्हे. पोटातील मेदपेशी फुगल्या की प्रतिकारसंस्थेच्या पेशी तेथे गोळा होतात व दाहकारक द्रव्ये रक्तात मिसळू लागतात. जखमेचा दाह जखम भरताच शमतो. हा मंद दाह मात्र वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि इन्शुलिनचा प्रभाव क्षीण करतो. ग्रामीण पुरुषांच्या तुलनेत पुण्यातील मध्यमवर्गीय पुरुषांत चरबी आणि दाहाच्या खुणा अधिक असल्याचे या संशोधकांनी २००८ साली दाखविले.

याचे मूळ मात्र गर्भावस्थेपर्यंत जाते. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले; इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपल्या बालकांत स्नायू तोकडे, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दोनतृतीयांश मातांना ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांतील एका महत्त्वाच्या विकराचे कार्य या जीवनसत्त्वावाचून अडते. ज्या मातांत ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला.

खटाव-माणच्या वाचकांनी याचा गांभीर्याने विचार करावा. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या या भागातून माणसे मुंबईला वा परप्रांतांत पोटासाठी जातात. अंगमेहनत सुटते, आहार बदलतो. अशा वेळी केवळ वजनकाट्यावर विसंबणे धोक्याचे आहे. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर सडपातळ माणसानेही रक्त तपासून घ्यावे.

परंतु खरा प्रश्न त्याही आधीचा आहे. ब-१२ दूध, अंडी, मांस यांतून मिळते, भाकरी-भाजीतून नव्हे. घरचे दूध डेअरीला जाते, सर्वांत शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला कोरा चहा येतो आणि तिच्या मुलाच्या मधुमेहाची चर्चा आपण चाळीस वर्षांनी दवाखान्यात करतो. मधुमेहाचा प्रतिबंध औषधाच्या दुकानात नव्हे, तर तिच्या ताटापासून सुरू व्हावयास हवा.