पदव्युत्तर अध्यापनात तद्विद्यसंभाषेचे स्थान

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. तीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिल्या दोहोंची सोय बहुधा होते. तिसरा उपाय मात्र पुष्कळदा एकाने निबंध वाचावा व इतरांनी ऐकावा, एवढ्यावरच थांबतो. त्यास संभाषा म्हणता येणार नाही.

स्नेहपाकाचे उदाहरण घेऊ. चरकांनी नस्यासाठी मृदू, पान व बस्तीसाठी मध्यम, तर अभ्यंगासाठी खर पाक सांगितला आहे. सुश्रुतांच्या मते पानासाठी मृदू, नस्य व अभ्यंगासाठी मध्यम आणि बस्ती व कर्णपूरणासाठी खर पाक योग्य होय. हा मतभेद वहीत उतरवून परीक्षेत गुण मिळतील. परंतु कढईसमोर उभे राहून अग्नी नेमका केव्हा बंद करावा, हा निर्णय त्यातून होत नाही.

म्हणून आम्ही पुढील क्रम सुचवितो. प्रथम दोन गटांनी दोन संहितांचे पक्ष मांडावेत व प्रत्येक विधानास हेतू द्यावा. नंतर एकाच तैलाचे तीन पाक विद्यार्थ्यांनी स्वहस्ते सिद्ध करावेत. कल्काची वर्ती वळते का, ती अग्नीत टाकल्यास तडतडते का, तैलावर फेन केव्हा येतो, हे प्रत्येकाने स्वतंत्रपणे नोंदवावे. नोंदी जुळल्या नाहीत, तर खरी संभाषा तेथेच सुरू होते. अध्यापकाने उत्तर देण्याची घाई करू नये. सुश्रुतांनी योग्यासूत्रीय अध्यायात शस्त्रकर्माचा सराव आधी कोहळा, दुध्या इत्यादी फळांवर करावयास सांगितले, त्यामागील तत्त्व हेच आहे.

ही चर्चा संधाय संभाषा, म्हणजे मैत्रीपूर्ण असावी. विगृह्य संभाषेतील जयपराजयाची ईर्षा विद्यार्थ्यास प्रश्न विचारण्यापासून परावृत्त करते.

औषधनिर्मात्यांचाही येथे निकटचा संबंध आहे. महाविद्यालयात अल्प प्रमाणात शिकलेला पाक मोठ्या कढईत तसाच वागत नाही. अग्नी बंद केल्यावरही तप्त स्नेहातील कल्क शिजत राहतो. दग्धपाक झाल्यास सर्व द्रव्य वाया जाते आणि तो लक्षात न आल्यास त्याचे परिणाम रुग्णास भोगावे लागतात. निर्मात्यांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष निर्मितीच्या वेळी उपस्थित राहू द्यावे आणि अनुभवी कारागिरांनाही या संभाषेत सहभागी करून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. त्यांचे हस्तकौशल्य व विद्यार्थ्यांचे शास्त्रज्ञान एकत्र आल्यास दोघांचाही लाभ होईल.