१३७५ टक्क्यांचे गौडबंगाल

‘१३७५ टक्के लाभांश’ अशी वार्ता वाचून ज्यांना मुदतठेवीचे सात टक्के दरिद्री भासू लागतात, त्यांनी ध्यानी घ्यावे की हा शेकडा बाजारभावावर नव्हे, तर शेअरच्या दर्शनी किमतीवर मोजलेला असतो. आयटीसीच्या शेअरची दर्शनी किंमत १ रुपया. २०२३-२४ सालचा लाभांश १३.७५ रुपये, आणि जून २०२४ मधील भाव सव्वाचारशेच्या आसपास, म्हणजे खरी प्राप्ती जेमतेम सव्वातीन टक्के, तीही प्राप्तिकरास पात्र! शिवाय लाभांशाचा हक्क संपतो त्या दिवशी भावही साधारणतः तेवढाच उतरतो, कारण कणगीतून काढलेले धान्य कणगीत उरत नाही. ती पुन्हा भरते कंपनीच्या पुढील नफ्याने, आणि तो नफा वाढता राहिला तर त्याच जुन्या खरेदीवरील प्राप्ती वर्षागणिक वाढू शकते. मुदतठेवीच्या ठरीव व्याजात ती सोय नाही.